चुकारा आणि चवन्नी : वऱ्हाडातल्या घरगुती बचतीचा शोध

वऱ्हाडातल्या शेतकऱ्याच्या घरी पगार येत नाही, चुकारा येतो. विकलेल्या मालाचे जे पैसे अडत्याकडून, जिनिंगवाल्याकडून किंवा खरेदी केंद्रावरून मिळतात, त्यांना आमच्या अमरावती-अकोल्याकडे चुकारा म्हणतात. सोयाबीनचा चुकारा दिवाळीच्या आगेमागे येतो. कापसाचा दिवाळीनंतर सुरू होतो आणि संक्रांत ओलांडून जातो. तूर, हरभरा उन्हाळ्याच्या तोंडाशी. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, अकोट, तेल्हारा या बाजूला, जमिनीखालचे पाणीच खारट असल्यामुळे विहिरीच्या भरवशावर दुसरे पीक घेणे अवघड. तिथे वर्षाचा पैसा चार-पाच महिन्यांत येऊन जातो. मीठ-मिरची, दवाखाना, शाळेची फी हा खर्च मात्र बाराही महिने चालू.

त्याच घरात दुसरा एक पैसा असतो, तो बाईचा. निंदणाची, वेचणीची मजुरी, दोन लिटर दूध, शिवणयंत्रावरचे काम. हा पैसा आठवड्याला येतो आणि बाजाराच्या दिवशी संपतो. म्हणजे एका घरात बचतीचे दोन उलट प्रश्न असतात. चुकारा मोठा येतो, तो बारा महिन्यांना पुरवायचा असतो. बाईचा पैसा लहान येतो, तो साचवून मोठा करायचा असतो. काटकसरीवर जे छापले जाते ते बहुतेक पगारदाराला सांगितलेले असते : उत्पन्नातून आधी बचत वजा करा, उरलेले खर्चा. दर महिन्याला एकसारखी रक्कम हाती येते असे त्यात गृहीत धरलेले असते. वऱ्हाडातल्या कुटुंबांनी त्या गृहीताशिवाय बचत कशी केली, हा या लेखाचा विषय आहे.

मी विद्यापीठात शिकलेली अभ्यासक नाही. टपाल खात्याच्या महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेची एजंट म्हणून मी वर्षानुवर्षे दारोदार फिरले. आवर्ती ठेवीचे हप्ते गोळा करताना घरोघरच्या हिशेबाच्या वह्या पाहायला मिळाल्या, बायकांशी बोलणे झाले, आणि त्यातून टिपणे ठेवायची सवय लागली. पुढे जे लिहिले आहे ते त्या टिपणांवर आणि त्यांच्या जोडीने केलेल्या वाचनावर आधारलेले आहे.

कणगीतली बचत

वऱ्हाडात रोख पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो कापसामुळे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी चालू होती आणि तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, तेव्हा इथल्या कापसाला भाव चढला. १८६७ साली रेल्वे अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूरला पोचली. पण घराचे पोट कापसावर अवलंबून नव्हते. ते ज्वारीवर होते. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची ओळ, आणि वावराच्या एका तुकड्यात ज्वारी, अशी मांडणी असे. कापूस बाजारात जाई, ज्वारी कणगीत नाहीतर पेवात जाई.

या मांडणीचा हिशेब आपण बचत म्हणून कधी मांडत नाही, पण ती बचतच होती. ज्वारीचे दाणे माणसांना, कडबा बैलांना. तुरीची डाळ घरीच भरडली की चुणी जनावरांना. तुरीच्या काड्यांच्या कणग्या, त्यांना शेणामातीचा लेप. कपाशीच्या उभ्या काड्या, ज्यांना आपण पऱ्हाटी म्हणतो, वर्षभराचे जळण. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात मुंगवड्या, कुरड्या, शेवया, वाळवलेली गवार, हरभऱ्याची वाळवलेली भाजी. पावसाळ्यात भाजी महाग होते तेव्हा मुंगवड्यांचा रस्सा होतो. चुकारा बारा महिन्यांना पुरवण्याच्या प्रश्नाचे हे पहिले उत्तर होते : अर्धा खर्च पैशात येऊच द्यायचा नाही.

सोयाबीन आले तशी ज्वारी मागे पडली. त्याला कारणे होती. सोयाबीन तीन-सव्वातीन महिन्यांत हाती येते, लगेच विकले जाते, पाखरांची राखण लागत नाही. शेतकऱ्याने चुकीचे केले असे मी म्हणत नाही. पण सोयाबीनची भाकरी होत नाही आणि त्याचा कडबाही होत नाही. जे घर पूर्वी तेल, मीठ, गूळ, कापड एवढ्यासाठी बाजारात जाई ते धान्य, डाळ, चारा, गॅस या सगळ्यासाठी जाऊ लागले. चुकाऱ्यावरचा भार वाढला. माझ्याकडच्या वह्यांत हा बदल स्पष्ट दिसतो. जुन्या वह्यांत किराण्याची नोंद बाजाराच्या दिवशी एकदा असते. नंतरच्या वह्यांत ती दोन-तीन दिवसांआड दिसते, आणि समोर ‘उधार’ लिहिलेले असते.

उधारीची किंमत भावात दडलेली असते. रोखीने दहा किलो डाळ घेणाऱ्याला जो भाव मिळतो तो पाव-पाव किलो उधार नेणाऱ्याला मिळत नाही. अकोला हे डाळ गिरण्यांचे गाव. तरी खेड्यातले घर स्वतःची तूर कट्ट्याने विकते आणि तीच डाळ म्हणून सुटी विकत घेते. एक क्विंटल तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते, शिवाय चुणी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने छोटी डाळ गिरणी तयार केली आहे. ‘पीकेव्ही मिनी दाल मिल’ या नावाने ती ओळखली जाते, आणि अनेक बचत गटांनी ती घेतली आहे. घराला वर्षाला लागणारी तूर विकण्याआधी बाजूला काढून अशा गिरणीवर भरडून आणणे ही जुन्या कणगीचीच आजची आवृत्ती आहे. खेड्यातल्या कुटुंबाला याहून सोपी आणि खात्रीची बचत मला तरी माहीत नाही.

हाताबाहेर ठेवणे

आता दुसरा प्रश्न, लहान पैसा मोठा करण्याचा. मी हप्ते गोळा करायला जात असे तेव्हा एक गोष्ट वारंवार लक्षात आली. व्याज किती, हे बायका उशिरा विचारत, काही तर विचारतच नसत. पहिला प्रश्न असे : मधेच काढता येते का? लगेच काढता येत नाही म्हटले की त्यांचा चेहरा पडत नसे, उलट खुलत असे. घरात पैसा आहे हे कळले की तो मागणारे चार जण असतात. नवऱ्याला बियाणे हवे असते, दिराला गाडीचा हप्ता भरायचा असतो, भावाकडे लग्न असते. ‘नाही’ म्हणणे नात्यात अवघड जाते. ‘नाहीत’ म्हणता आले तर सोपे जाते. म्हणून पैसा अशा जागी ठेवायचा की आपला हातही तिथे सहज पोचणार नाही.

या दृष्टीने पाहिले की घरातल्या जुन्या वस्तूंचा अर्थ लागतो. कुंभाराकडचा मातीचा गल्ला फोडल्याशिवाय रिकामा होत नाही. डोरल्यातले मणी विकायचे तर चारचौघांत गळा उघडा दिसतो. शेळी पाळायला स्वस्त, दोन वर्षांत पिल्ले देते, पण अर्धी शेळी विकता येत नाही. पाचशेच्या गरजेला कोणी शेळी विकत नाही, दवाखान्याच्या गरजेला विकतात. ज्या बाईकडे शेळी घ्यायलाही पैसे नसतात ती दुसऱ्याची शेळी अर्ध्या वाट्याने सांभाळते आणि पिल्लांतून स्वतःची करते.

टपाल खात्याची आवर्ती ठेव याच जातीची आहे. महिन्याला किमान १०० रुपये, पाच वर्षे. महिना ५०० रुपये भरले तर पाच वर्षांत ३०,००० भरले जातात आणि ६.७ टक्के दराने सुमारे ३५,६८० मिळतात. हप्ता चुकला तर शंभराला महिन्याला एक रुपया दंड. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळते, तीन वर्षांनंतर खाते मोडता येते. दार बंद आहे, पण कुलूप लावलेले नाही, असा हा मेळ आहे. शहरातल्या दुकानदारांसाठी रोज दारावर येणारी पिग्मी हेच काम करते. ती कल्पना उडुपीच्या सिंडिकेट बँकेची, १९२८ सालची. रोज दोन आणे घरून गोळा करायचे, अशी तिची सुरुवात होती.

इथे एक इशारा द्यायला हवा. हाताबाहेर ठेवलेला पैसा कोणाच्या हातात आहे हे पाहणे तितकेच महत्त्वाचे. बँकेतल्या ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा आहे. सहकारी बँकेलाही तो लागू आहे, पतसंस्थेला नाही. पाटी दोघींचीही सहकारीच असते, आणि दोन टक्के जास्त व्याजासाठी कुटुंबाची सगळी ठेव एका पतसंस्थेत ठेवणाऱ्याला हा फरक बहुधा वेळ गेल्यावर कळतो.

भिशीचे गणित

भिशी सर्वांना माहीत असते, म्हणून तिचे गणित कोणी मांडत नाही. बारा जणी, प्रत्येकी महिना ५०० रुपये, दर महिन्याला एकीला ६,०००. चिठ्ठी टाकून नंबर काढतात. जिचा पहिला नंबर तिला अकरा महिन्यांचे बिनव्याजी कर्ज मिळाले. जिचा शेवटचा तिने अकरा महिने बिनव्याजी बचत केली. मधल्या सगळ्या थोड्या कर्जदार, थोड्या बचतदार. व्याज कोणालाच नाही, पण प्रत्येकीला एकदा एकरकमी पैसा मिळतो, आणि हप्ता चुकवला तर शेजारणीला तोंड दाखवायचे असते.

दुसरी असते ती बोलीची भिशी. वीस जण, प्रत्येकी १,०००, एकूण २०,०००. ज्याला गरज आहे तो कमी रकमेची बोली लावतो. समजा १७,००० वर सुटली. उरलेले ३,००० वीस जणांत वाटले, प्रत्येकी १५०. इथे गरजवंत व्याज देतो आणि थांबणारा ते कमावतो. जितकी गरज मोठी तितकी बोली खाली. चिठ्ठीची भिशी शेजारपणावर चालते, बोलीची भिशी निकडीवर. घर चालवणाऱ्या बाईने पहिलीत राहावे, दुसरीत जपून पाय टाकावा, असे माझे मत झाले आहे.

खेड्यांतल्या भिशीत मी एक खास रीत पाहिली. बाकी सगळे नंबर चिठ्ठीने निघतात, पण जूनचा नंबर बसून ठरवतात. जिच्या घरी पेरणीला पैसा नाही तिला मृगाचा नंबर. मृग लागतो तेव्हा चुकारा संपलेला असतो आणि बियाणे-खत आणायचे असते. मोठा पैसा लहान होत होत संपतो आणि लहान पैसा मोठा होत होत हाती येतो, ते दोन्ही याच महिन्यात भेटतात. बाईची साचवण घरखर्चातली शिल्लक म्हणून मोजली जाते. प्रत्यक्षात अनेक घरांत ती पेरणीचे भांडवल असते.

चवन्नीपासून गटापर्यंत

महाराष्ट्रातल्या बचत गटांवर लिहिलेल्या पुस्तिकांत एक वाक्य ठरलेले असते : १९४७ साली अमरावती जिल्ह्यात काही स्त्रियांनी २५-२५ पैसे गोळा करून राज्यातला पहिला बचत गट सुरू केला. यातला ‘२५ पैसे’ हा शब्द नंतरचा आहे. शंभर पैशांचा रुपया १ एप्रिल १९५७ ला आला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे चौसष्ट पैसे होते. तेव्हा ती वर्गणी चार आण्यांची, चवन्नीची समजायला हवी. पुढे हिशेब लिहिणाऱ्यांनी तिचे दशमान पैशात भाषांतर केले.

चवन्नीच्या मागे या भूमीतला एक विचारही होता. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. बालपण मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, मामाकडे गेले. मामाची जमीन सावकाराच्या कर्जापायी गेली, ते त्यांनी जवळून पाहिले. मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे दारू-मटणाचे जेवण न देता त्यांनी गोड जेवण घातले, त्याची गावात चर्चा झाली. त्यांच्या कीर्तनातला कर्ज काढून सण-लग्न न करण्याचा आग्रह आपण धर्मसुधारणा म्हणून वाचतो. मी तो अर्थशास्त्र म्हणूनही वाचते. वर्षातून एकदा पैसा येणाऱ्या घराला सगळ्यात मोठा धोका असतो तो एकदाच होणाऱ्या मोठ्या खर्चाचा. रोजच्या चहातली साखर कमी करून ते भोक बुजत नाही. पंजाबराव देशमुखांनी १९३० ते १९३३ या काळात मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना कर्ज लवादाच्या कायद्यासाठी जो जोर लावला तो याच प्रश्नाच्या दुसऱ्या टोकाला होता : जे कर्ज झालेच आहे त्याचे काय करायचे.

गटांना बँकेचे दार उघडले ते १९९२ मध्ये. नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग तेव्हा सुरू केला. महाराष्ट्रात महिला आर्थिक विकास महामंडळाने आणि पुढे ‘उमेद’ अभियानाने गट वाढवले. गटातले कर्ज बहुधा शेकडा दोन रुपये महिना दराने दिले जाते. वर्षाचे २४ टक्के झाले, म्हणजे दर कमी नाही. पण गावच्या सावकाराचा शेकडा पाच धरला तर वर्षाचे ६० होतात. शिवाय सावकाराला दिलेले व्याज घराबाहेर जाते, गटाला दिलेले गटाच्या तिजोरीत राहते आणि वाटणीत परत येते.

उलटा झालेला हप्ता

गेल्या काही वर्षांत अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत आठवड्याच्या ठरल्या दिवशी बायका एका ओसरीवर जमतात, वही उघडते, हप्ते मोजले जातात. लांबून पाहणाऱ्याला ती गटाची बैठक वाटेल. असते ती लघुवित्त कंपनीची वसुली. दहा-बारा जणी, एकमेकींची हमी, चुकवलेल्या हप्त्याची लाज, सगळे भिशीसारखे. कंपन्यांनी शिस्त आणली असे सांगितले जाते. माझे म्हणणे असे की शिस्त इथे आधीपासून होती, कंपन्यांना ती तयार मिळाली. फरक एकच आहे. भिशीत आणि गटात आधी भरायचे, मग मोठी रक्कम घ्यायची. इथे आधी घ्यायची, मग भरत राहायचे.

हा फरक पैशात मोजू. समजा १०,००० रुपये घेतले आणि आठवड्याला २३० प्रमाणे ५० आठवडे फेडले. एकूण ११,५०० दिले, १,५०० जास्त. दर पंधरा टक्के वाटतो. पण दहा हजार पूर्ण वर्ष हाती नव्हते. दर आठवड्याला मुद्दल कमी होत गेले, सरासरी पाच हजारांच्या आसपासच वापरायला मिळाले. त्यामुळे खरा दर ३० टक्क्यांच्या जवळ जातो. तीच बाई आठवड्याला २०० बाजूला टाकती तर ५० आठवड्यांत तिच्याकडे स्वतःचे दहा हजार असते, आणि १,५०० वाचले असते. अर्थात दवाखाना ५० आठवडे थांबत नाही, हेही खरे. म्हणून कर्ज घेऊच नका असे सांगणे सोपे आणि निरुपयोगी आहे. घेताना काय विचारायचे ते मात्र सांगता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांनुसार वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापुढे जाता कामा नयेत. कर्जदाराला कळेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावे लागते, त्यावर सर्व खर्च धरून येणारा वार्षिक दर लिहावा लागतो, आणि मुदतीआधी फेडल्याचा दंड घेता येत नाही. ते पत्रक मागून घ्यावे आणि त्यावरचा हा एक आकडा वाचावा.

यात काय पणाला लागले आहे ते वऱ्हाडात वेगळे सांगावे लागत नाही. २००६ साली पंतप्रधानांचे ३,७५० कोटींचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी आले त्यांत अमरावती आणि अकोला होते. त्याच वर्षापासून आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसांना मिळणाऱ्या एक लाखापैकी ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत अशी विभागणी आली. सरकारलाही अखेर पैसा हाताबाहेर ठेवण्याचीच युक्ती वापरावी लागली, आणि ती घरातला माणूस गेल्यानंतर.

आजच्या घरासाठी

या सगळ्यातून आजच्या कुटुंबाच्या कामी येईल असे थोडक्यात मांडते. चुकारा आला की पहिल्या आठवड्यातच त्याचे तीन भाग करावेत : वर्षाचे धान्य-डाळ रोखीने भरणे, पीककर्जाची फेड, आणि जूनच्या पेरणीची ठेव. यातला दुसरा भाग फार जणांना बचत वाटत नाही. पण राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेखाली तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज शून्य पडते. मुदत चुकली की ही सवलत जाते. एक लाखावर सात टक्के धरले तरी सात हजार. महिनाभर भाजीत घासाघीस करून एवढे वाचत नाही.

घरातल्या बाईचा पैसा तिच्या नावाच्या खात्यात आणि शक्यतो तिच्या नावाच्या आवर्ती ठेवीत जावा. जुलै २०२४ पासून राज्यातल्या पात्र स्त्रियांच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये येऊ लागले. कापसाच्या पट्ट्यात ठरावीक रक्कम दर महिन्याला येण्याची ही बहुतेक घरांतली पहिलीच वेळ. त्या पैशाला दोन वाटा आहेत. त्यातले ५०० पुढच्या मृगासाठी बाजूला पडू शकतात, किंवा तेच १,५०० नव्या कर्जाच्या हप्त्याची हमी ठरू शकतात. दोन्ही मी पाहिले आहे. कोणती वाट धरली जाते ते बाईच्या काटकसरीवर कमी आणि खात्याचे पुस्तक कोणाच्या ताब्यात आहे यावर जास्त ठरते.